ठिपका घरातच होता

मुलगी : सॅक खाली ठेव आधी. आणि एक शब्द बोलू नकोस.

आई : माझं दार कुठाय?

मुलगी : भिंतीला टेकवलंय. फोडलं काल.

आई : कुणी?

सुतार : मी, मावशी. ताईंनी फोनवरून सांगितलं म्हणून. आता बसवतोयही मीच. पाय जपून टाका, खाली खिळे आहेत.

मुलगी : परवा सकाळपासून तुझा फोन नुसता वाजतोय. लोकेशन बघितलं तर तू घरात. ठिपका घरात आणि फोन उचलत नाहीस, म्हणजे काय समजायचं माणसानं? बाथरूममध्ये पडलीस, असंच ना?

आई : शेजारच्या काकूंना विचारायचंस.

मुलगी : विचारलं. त्या म्हणाल्या, बेल वाजवली, आतून फोनचा आवाज येतोय, पण माणसाची चाहूल नाही. मग यांना म्हटलं, फोडा.

सुतार : आत कसा गेलो ते माझं मला ठाऊक. बाथरूमचं दार डोळे मिटून ढकललं मी.

मुलगी : आणि मी ऑफिसातून नेसत्या कपड्यांनिशी बसमध्ये बसले. अर्ध्या वाटेत यांचा फोन. घरात कुणी नाही, नुसता मोबाइल आहे. उशीवर. चार्जरला लावलेला. चार्जरला, आई.

आई : बॅटरी संपली असती तर तू घाबरली असतीस.

मुलगी : ऐकताय ना तुम्ही?

सुतार : मी चौकट बघतोय.

आई : त्यांना कशाला मध्ये ओढतेस? तुला माझा ठिपका लागतो ना, तो ठेवून गेले. पंख्याखाली, उशीवर. बाकीची मी नदीवर गेले.

मुलगी : राफ्टिंगला. हे मला तू शिकवतेस त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाकडून कळलं, काल संध्याकाळी. हसत होता तो. म्हणे, मॅडम होडी शिकायला गेल्यात, घरी माहीत नाही?

आई : सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?

मुलगी : नसतं.

आई : मग झालं तर.

मुलगी : झालं काय? काय होतं तिथे एवढं?

आई : काही नव्हतं, म्हणून तर गेले. सगळ्यांचे फोन एका डब्यात घालतात आणि डबा बंद. माणसं काय चेहरे करत होती, जसं काही पोटचं पोर परक्याच्या हवाली करतायत. माझ्याकडे घालायलाच काही नव्हतं. मग रबरी होडीत बसवलं. पाणी खडकांवर आपटून नुसतं पांढरंफेक. मागे बसलेली बाई ओरडतेय, पुढे वल्हवा, थांबा, मागे घ्या. आणि मी आपली उजवा पाय दाबतेय. ब्रेक.

सुतार : सवय हो.

मुलगी : तुम्ही हसू नका. तिला चेव येतो.

आई : दुसऱ्या वळणाला उलटली होडी.

मुलगी : काय?

आई : पडले पाण्यात. अंगात जाकीट होतं, आले वर. त्या बाईनं होडी सरळ केली आणि मला खांद्याला धरून आत ओढलं, पोतं ओढावं तसं.

मुलगी : आणि हे तू मला असं सांगतेयस, भाजी आणली सांगावं तसं. तुला काही झालं असतं तर मला कळलं कसं असतं? मी तिकडे बसून तुझ्या उशीकडे बघत राहिले असते.

आई : वर्षभर तेच तर करतेयस.

मुलगी : म्हणजे?

आई : मला गाडीत चक्कर आली, तेव्हा तू ते लोकेशन फोनवर बसवून दिलंस. म्हणालीस, आता काळजी नाही. खरंच नाही राहिली तुला. आधी रोज फोन करायचीस. पोचलीस का, जेवलीस का, आज कुणी खांबाला ठोकली का. आता विचारायचं कशाला? दिसतेय ना आई. गेल्या महिन्यात एकदा केलास, तोही शाळेचा दाखला कुठे ठेवलाय विचारायला.

मुलगी : मला कामं असतात.

आई : आणि मी गोट्या खेळते.

सुतार : ताई, दार धरता का त्या बाजूनं? मावशी, तुम्ही इकडून. भांडा खुशाल, पण सोडू नका.

(दोघी दाराच्या दोन बाजूंना.)

आई : मग परवा कसा काय केलास फोन? काय हवं होतं?

मुलगी : काही नाही.

आई : काहीतरी असेल की.

मुलगी : काही नको होतं म्हटलं ना. ठिपका हलला नाही.

आई : घरातच होता. मुद्दाम ठेवला होता.

मुलगी : तेच तर. सकाळी सातला तू मोठ्या चौकात असतेस. कुणा नव्या माणसाला गोल वळण शिकवत. एक चक्कर, दुसरी, तिसरी. त्या बिचाऱ्याला बाहेरच पडता येत नाही. मग एकदम सरळ रस्त्याला लागतेस. मी चहा घेऊन बघत असते. रोज. तू सरळ लागलीस की कप विसळते आणि निघते.

सुतार : जरा वर उचला. हां.

मुलगी : परवा तू फिरलीच नाहीस. चहा गार झाला.

आई : मला कधी बोलली नाहीस हे.

मुलगी : तू तरी विचारलंस? तुझं बोट मोडलं होतं फोन करायला?

आई : मी केला की तू म्हणतेस, मीटिंगमध्ये आहे. कितीदा ऐकायचं तेच ते.

सुतार : बसलं. सोडा आता. लावून बघा एकदा.

मुलगी : ते लोकेशन काढून टाक. आत्ता काढ. मला नकोच ते.

आई : असू दे. चहाबरोबर काय बघशील मग?

मुलगी : गोड बोलू नकोस. मी अजून चिडलेली आहे.

आई : दिसतंय. सातला फोन करून चीड.

मुलगी : सातला तुझ्या शेजारी शिकाऊ माणूस असतो. भर चौकात.

आई : गाडी बाजूला घ्यायला सांगेन त्याला. तेवढं मी पहिल्याच दिवशी शिकवते सगळ्यांना.