मुठी आधी मिटायच्या की उघडायच्या?

साखळी-पणजी बसमध्ये पुढच्या बाकावरची बाई स्वतःशीच मुठी मिटत-उघडत गुणगुणू लागली, तेव्हा मागे बसलेल्या कृष्णनाथने पेपर खाली घेतला.

"हातांना मुंग्या आल्या काय गे, रुक्मिणी?" तिच्या शेजारणीने विचारलं.

"जपानी बाळगाणं गे, भाग्यलक्ष्मी. नात गणेश चवथीला टोकियोहून येते. हे म्हटलं की ती फोनवरसुद्धा हसते."

"अर्थ काय त्याचा?"

"चवथीच्या मंत्रांचा तरी कुठे ठाऊक आहे?"

"मलाही शिकव."

"तुला कशाला? तुझा नातू तर घरातच."

"मी आपल्या भाषेतलं गाणं म्हटलं की सून त्याला उचलून आत नेते. म्हणे, त्याचं इंग्लिश बिघडेल."

"जपानीनं बिघडत नाही?"

"जपानी म्हटल्यावर ती शेजारणींना बोलावून ऐकवेल. बोल, मुठी आधी मिटायच्या की उघडायच्या?"