नाव घे, मग जा

तुम्ही टीव्हीवरच्या सीरियलचं काय सांगता, आमची तर घरातच चालू होती. जरीपटका वस्तीत मी अन् सुषमा एका खोलीत राहत होतो. लोकांले मैत्रिणी वाटत होतो. खरं म्हणजे आमचं प्रेम होतं. घरमालकिणीकडे नवरा-बायकोच्या भांडणाची विनोदी सीरियल पाहून आलो, की सुषमा म्हणे, "आता आपली लाव वं, शालू."

आमच्या सीरियलमधी दोघी बायाच. सकाळी ती ऑफिसले निघाली, की मी दार अडवून उभी राही. "नाव घे, मग जा."

ती पदर सावरून उखाणा घेई. "संत्र्याच्या फोडी, चांदीचं ताट, शालूचं नाव घेते, सोडा माही वाट."

तीन वर्षांनी तिच्या बापानं पारशिवनीले तिचं लग्न ठरवलं.

"नाही म्हण ना वं," मी म्हटलं.

"कोणाच्या नावानं म्हणू?"

पाठराखीण म्हणून तिच्यासंगं सासरी मीच गेली. दारात नणदांनी वाट अडवली. "नाव घ्या, वहिनी!"

सुषमा सवयीनं बोलून गेली, "संत्र्याच्या फोडी, चांदीचं ताट, शालूचं नाव घेते..." अन् थांबली.

सासूनं विचारलं, "शालू कोण वं?"

मी मागून जोरात हसली. "मीच! उखाणा म्या शिकवला, तर पगली माहंच नाव घेऊन राहिली!"

मग सगळेच हसले, नवरदेवसुद्धा. सुषमानं तोच उखाणा पुन्हा घेतला, त्याच्या नावानं. नणदांनी वाट सोडली.

आमच्या सीरियलले इतके लोक पहिल्यांदाच हसले. तोच शेवटचा भाग.