पोरीच्या वाटचा पिझ्झा

तुम्ही पिझ्झा मागवा राव, मला नुसता चहा सांगा.

चाकणला कंपनीत कंत्राटी होतो. सात महिने कँटीनला उसळ-भात, आणि एक दिवस अख्ख्या लाइनला पिझ्झा. मला वाटलं, पर्मनंट करतायत. बायकोला फोनसुद्धा केला.

खाऊन झाल्यावर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचं कॉन्ट्रॅक्ट आज संपलं. आयकार्डं जमा करा."

दोन तुकडे मी पोरीसाठी पिशवीत ठेवले होते. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं पिशवी उघडली.

"कंपनीतनं काहीही बाहेर न्यायचं तर गेटपास लागतो, भाऊ."

"मग दे की."

"कार्ड दाखव."

कार्ड तर आत्ताच आत दिलेलं. शेवटी पोरीच्या वाटचे दोन्ही तुकडे मी तिथंच उभ्यानं खाल्ले.

मग त्यानं गेट उघडलं.