भोंगा न वाजवता आलेलं पाणी

हसू नका, तुमी तिथं असता तर तुमालाही हेच वाटलं असतं. आमचे किन्हवलीचे अण्णाकाका पहिल्यांदाच समुद्रावर आले होते, मीही पहिल्यांदाच. किनाऱ्यासमोर खडकाळ बेट आणि त्यावर दीपगृह. मधे घोट्याएवढं पाणी, म्हणून आमी चपला वाळूत काढून चालत गेलो.

दोन तासांनी मागं बघतो तर वाट गायब, चारी बाजूंना पाणी!

काका म्हणाले, "पाऊस नाय, ढग नाय. नक्की धरण सोडलंय."

मला पटलं. आमच्याकडे उन्हात नदी फुगली तर दुसरं कारण नसतंच. फक्त आधी भोंगा वाजतो, म्हणजे माणसं गुरं वर काढतात.

दीपगृहाचा माणूस खाली आला. काकांनी त्यालाच धरलं, "कुठलं धरण सोडलं?"

"धरण? भरती आहे ही. संध्याकाळी ओसरेल."

"मग दरवाजे बंद कोण करतं?"

"कुणी नाही. पाणी आपोआप जातं आणि परत येतं. रोज दोनदा."

काका माझ्याकडे बघायला लागले, मी त्या माणसाकडे.

संध्याकाळी पाणी खरंच उतरलं. वाळूत पोचलो तर चपला वाहून गेलेल्या. काका अनवाणीच मागं वळले आणि दीपगृहाकडे हात करून ओरडले, "एवढा उंच मनोरा बांधलात, वर दिवा लावलात, मग एक भोंगा बसवायला काय झालं होतं रे?"