मागचे दोन स्पीकर

मेकॅनिक : नाही काकू, वायरीत दोष नाही. तीनदा तपासली. स्पीकरही ठणठणीत आहेत.

काकू : मग मागचे दोघे मुके का? जुना गेम बंद पडेपर्यंत चांगले बोलत होते.

मेकॅनिक : जुना कन्सोल सरळ या ॲम्पला, स्पीकर चालवणाऱ्या पेटीला, जोडला होता. मीच जोडला, काकांचे डोळे गेले त्या वर्षी. नव्याला ती वायर लावायला जागाच नाही. त्याची वायर आधी टीव्हीत जाते, मग टीव्हीतून ॲम्पमध्ये. कन्सोल पाच आवाज पाठवतो, आणि टीव्ही त्यांचे दोन करून पुढे ढकलतो.

काकू : म्हणजे आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही.

मेकॅनिक : अगदी तेच. मधे ही डबी लावून पाहिली. पाचही आले, पण उशिरा. पाऊल आधी पडतं, त्याचा आवाज नंतर. काकांना तर ऐकूनच पुढचं पाऊल टाकायचं असतं.

काकू : ॲम्पच नवा घेतला तर?

मेकॅनिक : हे स्पीकर त्याला चालणार नाहीत, सगळा संच बदलावा लागेल. आणि नव्यांना ही अशी बटणं नसतात हो. सगळं टीव्हीवर वाचून निवडायचं.

काकू : वाचून.

मेकॅनिक : हं. चुकलंच माझं. हेडफोन देऊन बघितला?

काकू : लेकीनं, चिमणीनं पाठवला होता. दहा मिनिटांत काढून ठेवला. म्हणाले, कान झाकले की घर नाहीसं होतं. तू खोलीत आहेस की गेलीस, तेही कळत नाही.

मेकॅनिक : एक विचारू? मी आलो तेव्हा मागूनही आवाज येत होता. ॲम्पवरचं हे शेवटचं बटण मी बंद केलं, तेव्हा गेला. ते कुणी दाबलं होतं?

काकू : हळू बोल. ते आत पडलेत. मी दाबलं.

मेकॅनिक : अहो, त्यानं एकच आवाज पाचही स्पीकरमधून येतो. डावं-उजवं, पुढं-मागं काही उरत नाही!

काकू : मला कुठलं कळायला! मागून काही येईना म्हणून त्यांचा चेहरा पडला होता. मी आपली खुडबुड करत बसले, आणि आला आवाज. म्हटलं, अहो, लागलं बघा! केवढे खुलले. मग शनिवारी चिमणीबरोबर खेळायला बसले.

मेकॅनिक : तो जंगलातला गेम?

काकू : हो. ती तिकडे सातासमुद्रापार, हे इथे या खुर्चीत. ती पुढे चालते, मधूनमधून शीळ घालते, आणि हे त्या शिळेमागून जातात. बोलायचं नाही, असा बापलेकीचा नियम. जो बोलेल तो हरला. आठवड्यातून तेवढाच एक तास दोघं बरोबर चालतात.

मेकॅनिक : आणि त्या शनिवारी?

काकू : तीनदा दरीत पडले. चौथ्या वेळी ते हातातलं खाली ठेवलं आणि म्हणाले, आता कानही चालले.

मेकॅनिक : अरे देवा.

काकू : तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, म्हणून तर तुला बोलावलं. आता फोन वाजला तरी विचारतात, इथेच वाजतोय ना? एकटे रस्ता ओलांडत नाहीत. मला न सांगता मंगळवारी कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय.

मेकॅनिक : सांगून टाका ना मग.

काकू : तू दुरुस्त केलंस की सांगणार होते. माझी चूक आणि दुरुस्ती, दोन्ही एका दमात. आता नुसती चूक कशी सांगू रे?

(आतल्या खोलीचं दार उघडतं.)

काका : मेकॅनिक आलाय वाटतं. कुठे उभा आहेस? थांब, सांगू नकोस. टीव्हीच्या डावीकडे?

मेकॅनिक : बरोबर, काका.

काका : म्हाताऱ्याचं मन राखायला हो म्हणू नकोस.

मेकॅनिक : तुमची शपथ.

काकू : अहो, तुमचे कान चांगले आहेत.

काका : झालं! आता तूही सुरू कर.

काकू : ते मशीन लागलंच नव्हतं. मी एक भलतंच बटण दाबलं आणि लागलं म्हणाले. शनिवारी ती सगळीकडून एकदम शीळ घालत होती. कुणीही दरीत पडलं असतं. आणि मी आठवडाभर तोंड शिवून बसले.

काका : सगळीकडून?

काकू : पाचही तोंडांनी. रागवा माझ्यावर. खरंच रागवा.

काका : रागवेन. आधी जरा बसू दे. अगं, रात्री उशीला कान लावून खालचं घड्याळ ऐकत होतो मी, अजून ऐकू येतंय का म्हणून. असो. मेकॅनिक, मग लाव आता नीट.

मेकॅनिक : काका, सकाळपासून तेच करतोय. होत नाही.

काका : कशात बिघाड आहे?

मेकॅनिक : कशातच नाही. कन्सोल, टीव्ही, ॲम्प, तिघंही धडधाकट आहेत, पण एकमेकांशी पटत नाही.

काका : आणि आपला जुना?

मेकॅनिक : त्याचा बोर्ड जळलाय. भाग येणं बंद झालं.

काकू : शनिवारी काय सांगायचं हो तिला?

काका : सांग, खेळायचंय. नियम मोडला म्हणावं. आता बोलत चाल, कुठे आहेस ते सांगत राहा. आणि फार पुढे जाऊ नकोस.