तीनशे बारा संदर्भ

दाताच्या दवाखान्यात ग्रंथपालबाई गाल धरून बसल्या होत्या. पुढच्या बाकावर नणंद-भावजय लॅपटॉप उघडून बोलत होत्या.

“वहिनी, प्रबंध परत का आला?”

“संदर्भयादी दुसऱ्या पद्धतीने हवीय. तीनशे बारा संदर्भ आहेत. रोज वीस टाइप केले की सोळा दिवसांत संपवते.”

“संदर्भांचं सॉफ्टवेअर आहे ना तुमच्याकडे?”

“त्यात मी लेख नुसते साठवते.”

“पद्धतही तेच बदलतं. इथे दाबायचं आणि हवी ती निवडायची. बघा.”

“अगं, सगळी यादी बदलली की. आणि मी हाताने टाइप करत बसणार होते.”

“कुणी शिकवलं नाही?”

“ग्रंथालयात शिकवलं. बाईंनी दोन तासांत चाळीस गोष्टी दाखवल्या. मी वॉर्डातली ड्यूटी संपवून गेलेली, सगळं डोक्यावरून गेलं. विचारायची लाज वाटली.”

“जाऊ दे, आता झालं काम.”

“झालं कसलं? जुनी पद्धत परत लाव. पदवी मला हवीय, तर हेही मलाच यायला हवं.”

तेवढ्यात ग्रंथपालबाईंचा नंबर पुकारला. त्या उठून दोघींसमोर थांबल्या.

“उद्या चारला ग्रंथालयात या. तुम्ही विचाराल तेवढंच शिकवीन.”

“अगंबाई, तुम्ही त्याच का?”

“हो, चाळीस गोष्टींवाली.”