आठ की सोळा

दुकानदार : म्हणजे गेम तुम्ही खेळता, काकू? मला वाटलं, साहेब खेळतात.

सासूबाई : यांना गेममध्ये गाडी नुसती पार्क करायला सांगा. भिंत पाडून येतील.

जावई : खरं आहे. मी फक्त खोकी उचलायला आलोय.

सासूबाई : सव्वीस वर्षं शहराची बस चालवली मी. रिटायर झाले, पण पाय स्वस्थ बसेना, म्हणून कॉम्प्युटरवर कार रेस. आमची चौघांची टीम आहे, एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. येत्या रविवारी लांब पल्ल्याची शर्यत आहे आणि शेवटची पाळी माझी, साडेतीन तासांची. आणि नेमकं मंगळवारी घरचं मशीन धूर काढून बंद पडलं!

दुकानदार : शनिवारी सकाळी मशीन तुमच्या हातात. बाकी सगळं ठरलंय, अडलंय ते प्रोसेसरवर. दोन आहेत. भाव जवळपास सारखाच, तेव्हा तो प्रश्न नाही. हा आठ कोअरचा, हा सोळा कोअरचा.

सासूबाई : मग सोळा म्हणजे दुप्पट की. विचारायचं काय त्यात?

दुकानदार : तसं नसतं, काकू. कोअर म्हणजे आत काम करणारी माणसं समजा. गेमला सोळा लागत नाहीत, सात-आठ पुरतात, पण ती चपळ हवीत. या आठवाल्याची कॅश मेमरी मोठी आहे. म्हणजे लागणारं सामान माणसाच्या हाताशीच, उठून आणायला जायला नको. गेमला हाच राजा. सोळावाला अवजड कामाचा. व्हिडिओ बनवणारे, मोठी गणितं करणारे नेतात.

जावई : मग झालं तर. आठवाला बसवा.

सासूबाई : अहो, थांबा. मशीन घरात एकच येणार. तुम्हालाही लागेलच ना?

जावई : माझं काय, आई! ऑफिसात मोठं मशीन आहे. घरी आल्यावर दोन मेल, एखादा तक्ता. त्याला काहीही चालतं.

सासूबाई : बघू. भाऊ, हात लावल्याशिवाय गाडी घ्यायची सवय नाही मला. दोन्ही मशीनं जोडलेली दिसतायत. लावा स्टिअरिंग.

(आतल्या टेबलावर स्टिअरिंग आधी एका मशीनला, मग दुसऱ्याला जोडलं जातं. दोन-दोन फेऱ्या होतात.)

दुकानदार : काकू, या रस्त्यावर माझ्याकडे आजवर एवढ्या वेगात कुणी आलं नव्हतं.

सासूबाई : पेडल हलकं आहे तुमचं, नाहीतर अजून वेगात आले असते. ऐका. सरळ रस्त्यावर दोन्ही सारखेच. पण ते उजवं वळण आहे ना, जिथे सगळ्या गाड्या एका ठिकाणी येतात, तिथे आठवाला मोकळा चालतो. सोळावाला किंचित दाटतो. पाय दाबला आणि गाडी निघाली, या दोहोंच्या मध्ये एक पापणी लवते.

दुकानदार : हे मी यंत्र लावून मोजतो. तुम्ही पायाने सांगितलंत!

जावई : बघा, म्हणजे आठच. मी सांगत होतो.

दुकानदार : साहेब, एवढं केलं तर तुमचंही एखादं काम टाकून बघू. उद्या पस्तावा नको.

जावई : नको, ते ऑफिसचं आहे.

सासूबाई : टाका हो. चार वर्षं झाली लग्नाला, तुम्ही दिवसभर काय करता ते मला धड कळलेलं नाही. आज बघू दे.

जावई : …हा घ्या पेनड्राइव्ह. पहिल्या फोल्डरमधलंच उघडा, बाकी राहू द्या.

दुकानदार : उघडलं. ‘पादचारी पूल. वाऱ्याचा भार. तपासणी अकरावी.’ अरे बाप रे, हे तर चांगलंच अवजड आहे, साहेब! दोन मेल आणि एक तक्ता म्हणालात! खाली सल्लागार अभियंता म्हणून तुमचं नाव, आणि पत्ता… काकू, हा तुम्ही मघाशी मला डिलिव्हरीसाठी दिलात तोच की.

सासूबाई : ऑफिसच्या कामावर घरचा पत्ता कसा?

जावई : टाइप करताना काहीतरी…

सासूबाई : जावईबापू.

जावई : …ऑफिस नाहीये, आई. सव्वा महिना झाला सोडून.

सासूबाई : आणि रोज साडेआठला बूट घालून बाहेर पडता ते?

जावई : वाचनालयात. दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी एक टेबल आहे. तिथे लॅपटॉप लावून बसतो. एका तपासणीला नऊ तास लागतात. संध्याकाळी ते बंद करतात, तोवर कशीबशी होते.

सासूबाई : माझ्या मुलीला ठाऊक आहे?

जावई : तिनेच म्हटलं, सोड.

सासूबाई : म्हणजे घरात मीच तेवढी बाहेरची.

जावई : तसं नाही हो, आई! तुम्ही सव्वीस वर्षांत एक खाडा केला नाहीत. अंगात ताप असताना बस काढलीत. तुमच्यासमोर उभं राहून ‘मी चांगली नोकरी सोडली’ म्हणायला तोंड उघडेना. हा पूल माझं पहिलं स्वतःचं काम. तो हातावेगळा झाला की सांगणार होतो.

दुकानदार : मी जरा बाहेर जाऊन येतो.

सासूबाई : बसा, भाऊ. तुम्ही काही केलेलं नाही. जावईबापू, नोकरी का सोडली, ते सांगा तुम्ही.

जावई : मी लिहून दिलं होतं, हा खांब वाऱ्यात कमी पडेल. वरून उत्तर आलं, चालतंय. पहिल्यांदा मी गप्प बसलो. दुसऱ्या कामातही तेच झालं, तेव्हा राजीनामा दिला.

सासूबाई : त्या पहिल्या खांबाचं काय झालं?

जावई : नंतर मी थेट ज्यांचं काम होतं त्यांनाच कागद नेऊन दिले. त्यांनी खांब बदलून घेतला. आणि हा पूल त्यांनीच मला दिला.

सासूबाई : बसच्या आधी मी काय करत होते, माहीत आहे तुम्हाला?

जावई : शाळेत होता ना?

सासूबाई : शाळेच्या ऑफिसात. खुर्ची, डोक्यावर पंखा, चारच्या ठोक्याला घर. बत्तिसाव्या वर्षी ते सोडलं आणि अवजड गाडीचं लायसन काढलं. माझी आई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, माझ्या घरात कुणाला अशी गोष्ट लपवायची पाळी यायची नाही. आणि तुम्ही सव्वा महिना वाचनालयात जाऊन बसलात.

जावई : चुकलं माझं.

सासूबाई : चुकलंच. तुमची बायकोसुद्धा चुकली, तिच्याशी घरी बोलते. आता हे भाऊ केव्हाचे ताटकळलेत. काम कधी द्यायचंय तुम्हाला?

जावई : अकरा दिवसांनी. अजून चौदा तपासण्या आहेत.

सासूबाई : म्हणजे रविवारी माझी शर्यत चालू असताना तुमचं गणितही चालू पाहिजे.

जावई : रविवारी थांबवीन की मी.

सासूबाई : थांबवायचं काही कारण नाही. भाऊ, आठवाल्यावर यांचं गणित सुरू करा आणि वर माझी गाडी. दोन्ही एकदम.

दुकानदार : करतो. पण तुम्हाला आवडायचं नाही. …हं, सुरू केलं. निघा.

सासूबाई : अहो, ही गाडी चालतेय की उचक्या देतेय? ब्रेक लागला कुठे, मी दाबला कुठे! गेलं. गेलं! कठड्यावर घातली तुमच्या मशीनने.

दुकानदार : आठही माणसं पुलावर गेली, काकू. तुमच्याकडे बघायला कुणी उरलं नाही. गणिताला चारच देतो म्हटलं तर गाडी नीट चालेल, पण साहेबांच्या एका तपासणीला चार तास जातील.

सासूबाई : आणि सोळावाल्यावर?

दुकानदार : आठ त्यांना, आठ तुम्हाला. तशी वाटणी करून देता येते. बसा, लावतो.

जावई : आई, डावीकडून कुणीतरी येतोय.

सासूबाई : दिसतोय मला. तुम्ही तुमच्या पुलाकडे बघा. …ही गाडी ऐकतेय. उचक्या नाहीत. वळण आलं… हं, दाटली जरा. दाटली, पण निघाली. किती झालं यांचं?

दुकानदार : फेरी संपेपर्यंत अंदाज दाखवील. हं. अशीच चालू राहिली तर एक तपासणी दोन तासांत. तुम्ही खेळत नसाल तेव्हा सोळाही देऊन टाका, मग सव्वा तास.

जावई : नऊ तासांचं काम सव्वा तासात?

दुकानदार : आकडे समोर आहेत, साहेब.

सासूबाई : सोळावाला बसवा, भाऊ.

जावई : नको, आई. तुमची शेवटची पाळी आहे, आणि त्या वळणावर तुम्हीच म्हणालात…

सासूबाई : त्या वळणाचं मी बघते. शाळा सुटायच्या वेळेला बाजारातून बस काढलेली बाई आहे मी. तिथे एक पापणी आधी पाय उचलायचा, एवढंच. शनिवारभर सराव केला की अंगवळणी पडेल. तुमच्या पुलाला मात्र सराव करून भागणार नाही. त्याच्यावरून लोक चालणार आहेत.

जावई : माझ्यावर उपकार म्हणून घेऊ नका.

सासूबाई : उपकार कसले! दोन गाड्या चालवून बघितल्या. एकीत मी एकटीच मावते, दुसरीत आपण दोघं. यात न समजण्यासारखं काय आहे?

दुकानदार : काकू, तुम्हाला माझ्या काउंटरवर बसवायला पाहिजे.

सासूबाई : आणि सोमवारपासून ते वाचनालय पुरे. माझ्या खोलीत खिडकीखाली टेबल टाकू. दिवसा तुम्ही, संध्याकाळी मी. माझा जयघोष ऐकायची तयारी ठेवा, मी मोठ्याने ओरडते.

जावई : माहीत आहे, आई. भिंतीपलीकडे झोपतो मी.

दुकानदार : बरं, एक राहिलं. मशीन सुरू झालं की स्क्रीनवर नाव येतं. काकूंचं टाकू की साहेबांचं?

सासूबाई : यांच्या ऑफिसचं टाका.

जावई : आई, ऑफिस कुठे आहे अजून? एक टेबल आहे, तेही सोमवारी येणार.

सासूबाई : टेबल येतंय, मशीन आलं, काम हातात आहे. आणखी काय लागतं ऑफिसला?

दुकानदार : मग सांगा, साहेब. काय नाव लिहू?

जावई : …इकडे द्या कीबोर्ड. मीच लिहितो.